गिझर बदलायचाय, साधा घेऊ की भारीतला? ठाणे-नवी मुंबईवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला गिझर लावला आणि पाणी गारच आलं, असा मेसेज आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दरवर्षी एक तरी पडतोच, आणि त्याच्याखाली दहा जण दहा ब्रँडची नावं टाकून मोकळे होतात. मी इलेक्ट्रिशियन नाही नि दुकानदार पण नाही. घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीच्या कमिटीत चार वर्षं पाण्याचं बघितलंय, आणि आमच्या घरचे दोन, कोपरीला आईबाबांकडचा एक आणि नेरूळला ताईकडचा एक असे चार गिझर माझ्या डोळ्यासमोर गेले नि नवीन आले. तेच तेच परत टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

खरंच बदलायला झालाय का? की रिपेअर होईल?

आधी हे बघा, कारण घरी आलेला माणूस बऱ्याचदा सरळ "नवीनच घ्या" म्हणतो. पाणी गरमच होत नाहीये, किंवा लाईट लागतेय पण पाणी कोमट, किंवा एमसीबी पडतोय, तर बहुतेक वेळा कॉइल नाहीतर थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा) नाहीतर कटआऊट (जास्त तापलं की वीज तोडणारा) गेलेला असतो आणि हे सगळं बदलता येतं, हजार-पंधराशेच्या आसपास काम होतं. टाकी गळायला लागली की मात्र विषय संपला. आजकालच्या टाकीभोवती फोम भरलेला असतो, आतून कोटिंग असतं, तिला वेल्डिंग बिल्डिंग काही होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तर नको सांगा.

पण "गळतोय" म्हणायच्या आधी फडक्याने कोरडं पुसून, खाली बादली लावून एक तास बघा. थेंब कनेक्शन पाईपच्या जोडातून येतोय का? मग वॉशर बदला, पन्नास रुपयांचं काम. व्हॉल्व्हच्या छोट्या नळीतून गरम होताना थोडं टपकतंय का? ते तर नॉर्मल आहे, पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी साध्या तापमानावरून ६० डिग्रीला गेलं की साधारण वाटीभर, म्हणजे २०० मिलीच्या आसपास जास्तीचं होतं, ते कुठूनतरी बाहेर पडणारच. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी ते टपकणं बंद व्हावं म्हणून त्या नळीला बूच मारून ठेवलं होतं. असलं कृपया करू नका, तो व्हॉल्व्ह टाकी फुटू नये म्हणून असतो.

कव्हरच्या आतून, गंजाच्या लाल रेषेसकट पाणी उतरत असेल तर गेली टाकी. पुढचं वाचा.

स्वस्त म्हणजे किती आणि भारी म्हणजे किती?

१५ लिटरचा स्टोरेज गिझर धरला तर साधारण साडेचार-पाच हजारापासून सुरुवात, सात ते नऊमध्ये बरीच गर्दी, आणि दहाच्या वर ते चौदा-पंधरापर्यंत भारीवाले. डब्यावरची एमआरपी बघून हुरळू नका, ती मुळात डिस्काउंट द्यायलाच छापलेली असते.

ब्रँडचं म्हणाल तर लोकांच्या डोक्यात एक उतरंड बसलीय, एओ स्मिथ, रॅकोल्ड, जॅग्वार वर, मग हॅवेल्स, व्ही-गार्ड, क्रॉम्प्टन, बजाज, उषा, ओरिएंट वगैरे, आणि खाली ऑनलाईन दिसणारी कधी न ऐकलेली नावं. पण गोची अशी की यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे साधे मॉडेल पण आहेत आणि भारी पण. म्हणजे एकाच ब्रँडचा सहा हजाराचा आणि तेरा हजाराचा, दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतात. म्हणून "अमुक ब्रँड चांगला का?" या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाहीये, कुठलं मॉडेल ते विचारा.

मग जास्तीच्या पाच-सहा हजारात नक्की काय मिळतं?

काही खरं मिळतं, काही नुसतं चकाकतं.

खरं काय, तर पहिली टाकी. स्टीलची टाकी असते किंवा लोखंडी पत्र्याला आतून काचेचा मुलामा दिलेली, जिला ग्लासलाईन म्हणतात. भारी मॉडेलमध्ये मुलामा नीट सगळीकडे बसलेला असतो, पत्रा जाड असतो, स्वस्तात कोपऱ्यात, जोडावर राहून जातं आणि तिथूनच गंज आत शिरतो. दुसरं, कॉइल. साध्यात तांब्याची असते, वरच्यात इनकोलॉय नावाच्या मिश्रधातूची किंवा काचेचा थर दिलेली, क्षाराच्या पाण्यात ती जास्त टिकते. तिसरं, मॅग्नेशियमची कांडी, तिला अॅनोड म्हणतात, तिच्यावर पुढे वेगळंच लिहिलंय कारण सगळा खेळ तिचा आहे. चौथं, फोमचा थर किती जाड. आणि पाचवं, फोन केल्यावर माणूस येतो का.

चकाकणारं काय, तर डिजिटल डिस्प्ले, पाणी तापलं की निळ्याचं लाल होणारं दिव्याचं कडं, काचेचा पुढचा भाग, आणि हे वायफाय. बाबांचं म्हणणं, गिझर ऑफिसातून चालू करून करणार काय, आंघोळ तर घरीच करायचीय ना. मला याच्यावर उत्तर सुचलेलं नाही. त्यात बाथरूमची वाफ आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट यांचं फार जमत नाही, साधा गोल फिरवायचा थर्मोस्टॅट बिघडला तर गल्लीतला कोणीही बदलतो, डिस्प्लेचा बोर्ड गेला की कंपनीचीच वाट बघायची.

भारी ब्रँडने लाईट बिल कमी येतं म्हणे?

दुकानदार हे हमखास सांगतो. अर्धं खरं आहे.

पाणी तापवायला जी वीज लागते ती पाण्याला लागते, ब्रँडला नाही. २००० वॅटची कॉइल म्हणजे २००० वॅटच, पाच हजाराच्या गिझरमध्ये पण आणि पंधरा हजाराच्या पण, आणि पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिची जवळपास सगळी उष्णता पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला ०.६ युनिटच्या आसपास लागतं, १८-१९ मिनिटं. २५ लिटरला १ युनिट, अर्धा तास. यात कुठलीही कंपनी जादू करू शकत नाही.

फरक पडतो तो तापवून ठेवलेलं पाणी गार होण्यात. स्टार मिळतात ते याच्यासाठी. बीईईच्या (वीज बचतीचे स्टार देणारी सरकारी संस्था) स्टिकरवर चोवीस तासात किती युनिट नुसते उभ्या उभ्या वाया जातात तो आकडा छापलेला असतो, स्टारपेक्षा तोच वाचा. आता तुम्ही सकाळी वीस मिनिटं लावून, आंघोळी उरकून बंद करणारे असाल तर पाच स्टार आणि तीन स्टारमध्ये महिन्याला हातात येण्यासारखा फरक नाही. पण ज्यांच्याकडे गिझर सकाळी सहाला लागतो नि रात्री झोपताना कोणाला तरी आठवतो (आमच्याकडे हे माझ्यावर ढकललं जातं), किंवा घरात लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, दिवसभर गरम पाणी लागतं, त्यांनी जाड फोमचा, पाच स्टारवालाच घ्यावा, तिथे पैसे वसूल होतात. महावितरणचा स्लॅब असतो, वरच्या स्लॅबमध्ये गेलात की प्रत्येक वाया गेलेला युनिट महाग पडतो. कळवा-मुंब्रा-शीळला बिल टोरंटचं येतं, पण हिशोब तोच.

आमच्याकडे टँकर येतो, त्याने काय फरक पडतो?

फार पडतो. मला विचाराल तर ब्रँडच्या आधी हाच प्रश्न विचारायला हवा आणि दुकानात हा कोणीच विचारत नाही.

ठाण्याला पालिकेचं येतं ते पाणी मुख्यत्वे भातसाच्या बाजूचं, नवी मुंबई पालिकेचं मोरबे धरणाचं, सिडकोच्या नोडना हेटवण्याचं. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ असतं, साबणाला भरपूर फेस येतो, गिझरला फार त्रास नाही. बोअरचं पाणी दगडातून मुरत आलेलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आणि ते तापलं की क्षार कॉइलवर चुन्यासारखे चिकटतात. कॉइलवर थर बसला की तिची उष्णता पाण्यात जाईना, ती आतल्या आत तापते आणि एक दिवस फुटते. घोडबंदर पट्ट्यात, खारघरच्या काही सेक्टरमध्ये, उलव्यात उन्हाळ्यात निम्मं पाणी टँकरचं, आणि टँकर बोअर-विहिरीवर भरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे.

माझाच अनुभव सांगतो. कोपरीचा आईबाबांचा गिझर अगदी साधा, मधल्या ब्रँडचा, २०११ ला घेतलेला, मधे एकदा कॉइल बदलली, तेरा वर्षं चालला. घोडबंदरला माझा बारा हजाराचा, नावाजलेल्या कंपनीचा, चौथ्या वर्षी टाकीतून गळला. उघडला तर तळाशी दीड-दोन ओंजळी पांढरे खडे आणि मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती तार उरलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की कोपरीचा गिझर चांगला नव्हता, कोपरीचं पाणी चांगलं होतं.

घरी ओळखायचं कसं: चहाच्या पातेल्याला, किटलीला आत पांढरा थर येतो का, नळाच्या तोंडावर खरबरीत चुना जमतो का, बादलीला कडं धरतं का. पक्कं बघायचं तर लॅबमध्ये हार्डनेस, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, काढून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दोनशेच्या बराच वर असेल तर साधी तांब्याची कॉइल घेऊच नका. तीनशे-चारशे रुपयांचं टीडीएस मीटर मिळतं ते अंदाजाला ठीक, पण ते सगळे विरघळलेले क्षार मोजतं, नुसता हार्डनेस नाही.

आणि टेम्परेचर ५०-५५ वर ठेवा. साठच्या वर क्षार भराभर बसतात, आणि तसं पण इतकं कढत पाणी आपल्याकडच्या थंडीत लागतं कोणाला.

स्टीलची टाकी की ग्लासलाईन?

पालिकेचं पाणी असेल तर दोन्ही चालतात, फार डोकं लावू नका. खाडीच्या जवळ बोअरचं पाणी खारट लागत असेल तर स्टील जपून, मिठातलं क्लोराईड स्टीलला पण खातं, खास करून वेल्डिंगच्या जोडावर बारीक भोकं पाडतं. तिथे कांडीवाली चांगली ग्लासलाईन मला बरी वाटते. "स्टील आहे म्हणजे गंजणार नाही" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला स्टील ३०४ आहे की ३१६ विचारा, ३१६ खारट पाण्याला जास्त तोंड देतं. बहुतेक वेळा तो डब्याकडे बघायला लागतो.

ही मॅग्नेशियमची कांडी म्हणजे नक्की काय भानगड आहे?

टाकीच्या आत बोटभर जाडीची एक कांडी असते. पाण्याला लोखंड खायचं असतं, पण मॅग्नेशियम त्याहून लवकर खाल्लं जातं, म्हणून जोपर्यंत कांडी शिल्लक आहे तोपर्यंत पाणी कांडी खातं नि टाकी वाचते. कांडी संपली की टाकीची पाळी. एवढंच आहे ते. बारा हजाराची टाकी काहीशे रुपयांच्या कांडीवर उभी असते आणि ती बदलायची असते हेच ९० टक्के घरात माहीत नाही (आकडा माझ्या मनाचा आहे, पण आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तेव्हा एकानेही बदललेली नव्हती).

टँकरवाल्यांनी दर वर्षा-दीड वर्षाने उघडून बघायची, पालिकेच्या पाण्याला दोन-अडीच वर्षांनी चालतं. त्याच वेळी तळातला गाळ-खडे काढून कॉइल साफ करून घ्यायची. नियमित हे करणार असाल तर सहा हजाराचा गिझर बिनधास्त घ्या, तो तुमच्या शेजाऱ्याच्या न उघडलेल्या तेरा हजाराच्या गिझरपेक्षा जास्त चालेल. करणार नसाल, आणि खरं सांगायचं तर आपण बहुतेक जण करत नाही, तर जाड कांडीचा भारीवाला घ्या. आळसाचे पैसे म्हणून ते द्यायचे.

खरेदीच्या आधी दुकानात एकच गोष्ट विचारा, "या मॉडेलची कांडी सुट्टी मिळते का?" काही अनोळखी ब्रँडची मिळतच नाही, किंवा आटा वेगळ्याच मापाचा असतो. तो गिझर घेऊ नका, दोन हजार स्वस्त असला तरी.

आम्ही टॉवरमध्ये राहतो, प्रेशरचं काही बघावं लागतं का?

हो, आणि उलटं वाटेल पण खालच्या मजल्यावाल्यांनी जास्त. टाकी गच्चीवर, दर १० मीटर उंचीला १ बार प्रेशर, एक मजला साधारण ३ मीटर. म्हणजे बावीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मधे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर ६ बार सहज. त्यात वरच्या मजल्यांसाठी पंप लावलेला असेल तर तिथलं पण प्रेशर बघावं लागतं. म्हणून टॉवरला ८ बारवालाच घ्यायचा, लेबलवर ०.८ एमपीए असं लिहिलेलं असतं, ते पण तेच. ६.५ बारवाले पण मिळतात, ते वर्तकनगर-नौपाड्यातल्या चार-पाच मजली जुन्या बिल्डिंगला, सिडकोच्या जुन्या घरांना भरपूर झाले. ८ बार म्हणजे प्रीमियम असं काही नाही, साध्या किमतीत पण ८ बार येतो, फक्त लेबल वाचायचं.

किती लिटरचा घेऊ?

बादलीने आंघोळ करणारं चार जणांचं घर असेल तर १५ लिटर. साठ डिग्रीचं १५ लिटर गार पाण्यात मिसळलं की चाळीस डिग्रीचं साधारण ३५ लिटर होतं, दोन बादल्या, तेवढ्यात पुढचं तापतंच. शॉवरवाले, लांब केसवाले, एकामागोमाग एक आंघोळीला जाणारे, त्यांना २५. मोठा रेन शॉवर लावलाय त्यांनी १५ चा विचारच सोडा, तो मिनिटाला बारा लिटर सोडतो, साबण लावेपर्यंत गार.

सिडकोच्या घरात बाथरूम एवढंसं, गिझर माळ्यावर आडवा ठेवायची पद्धत. आडवा हवा असेल तर आडवाच घ्यायचा, उभा आणून आडवा पाडायचा नाही, आतले पाईप वेगळे असतात. जाण्यापूर्वी टेपने जागा मोजा, आणि आडव्यात पाण्याचे पाईप डावीकडे की उजवीकडे ते पण बघून जा. ताईच्या नेरूळच्या घरी आम्ही हे न बघता आणला आणि परत वाशीला नेऊन बदलून आणला, रिक्षाचे पैसे वर.

त्यापेक्षा ३ लिटरचा इन्स्टंट नाही का बरा? स्वस्त पण आहे.

स्वयंपाकघराच्या सिंकला, किंवा एकट्या माणसाला बरा. ३००० वॅटचा इन्स्टंट आपल्याकडच्या हिवाळ्यात मिनिटाला पावणेतीन लिटरच्या आसपास आंघोळीचं पाणी देतो, म्हणजे १८ लिटरची बादली भरायला सहा-सात मिनिटं, नळ बारीक सोडून. घाई असलेल्या घरात सकाळी यावरून भांडणं होतात. किंमत अडीच ते साडेचार हजार, आणि यात ब्रँडचा फरक तुलनेने कमी जाणवतो. टाकी लहान, त्यामुळे साध्या कंपनीचा आयएसआय मार्कवाला घ्या नि विसरा. टँकरच्या पाण्यात मात्र याची कॉइल लवकर जाते, तिथे नको.

पाईप गॅस आलाय, गॅस गिझर कसा?

चालवायला स्वस्त पडतो, पाणी सतत येतं. पण बाथरूमच्या आत नाही म्हणजे नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेतो, कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही, दर थंडीत कुठून तरी बातमी येतेच. बाहेर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावता येत असेल तरच. एलपीजीचा आणि पाईप गॅसचा गिझर वेगळा असतो, तो बघून घ्या, आणि गॅसचं कनेक्शन महानगर गॅसकडूनच करून घ्या, प्लंबरकडून नको. आणि यात स्वस्तातला ब्रँड मी तरी घेणार नाही. इथे आगीशी आणि हवेशी गाठ आहे, सेफ्टी सेन्सर चांगलाच हवा.

सात वर्षांची वॉरंटी आहे म्हणजे सात वर्षं टेन्शन नाही ना?

वॉरंटी तीन तुकड्यात असते. सात किंवा पाच वर्षं ती फक्त टाकीची, कॉइलची वेगळी दोन-चार वर्षं, आणि बाकी सगळ्या गिझरची बहुतेक दोन. जाहिरातीत मोठा आकडा टाकीचाच छापतात. माझी टाकी चौथ्या वर्षी गळली तेव्हा सात वर्षांची वॉरंटी चालू होती, कंपनीने टाकी दिली सुद्धा, पण येण्याजाण्याचे, काढण्या-बसवण्याचे, नवीन पाईपचे, असं करत दोन हजाराच्या पुढे गेलं आणि वर "हार्ड वॉटर आहे, पुढच्या वेळी मिळणार नाही" असा शेरा कंपनीचा माणूस मारून गेला. कार्ड मी नंतर वाचलं, पाण्याच्या क्षाराची मर्यादा आणि कांडी वेळेवर बदलायची अट बारीक अक्षरात होतीच, माझीच चूक.

म्हणून घेतानाच कार्डाचा फोटो काढा, बिल मेलवर घ्या (थर्मल कागदावरचं बिल दोन वर्षात कोरं होतं), आणि पाणी कसलं त्याची अट आहे का ते वाचा. एक उपाय लोक करतात तो मला पटतो, आजूबाजूच्या चार घरात विचारायचं की या कंपनीचा माणूस किती दिवसात आला. एखादी कंपनी ठाण्यात दुसऱ्या दिवशी माणूस पाठवते नि तीच उलव्याला आठवडा लावते. तुमच्या पिनकोडला कोण येतं ते महत्त्वाचं.

भाड्याच्या घरात आहे, मालक म्हणतो तुम्हीच लावा.

साधा घ्या, मालकाशी लेखी ठरवा की जाताना काढून नेणार किंवा भाड्यात वळते करणार. तुमचाच पैसा असेल तर आयएसआय मार्क, ओळखीची कंपनी, पाच-सहा हजार, बास. मालक असाल आणि घर भाड्याने देताय तरी मी साधाच म्हणेन, फक्त वायरिंग नीट करून द्या.

ऑनलाईन घेऊ की दुकानातून?

दर ऑनलाईन कमी दिसतो, पण फिटिंगचे पैसे, पाईपचे पैसे मिळवून बघा. दुकानात, मग ते गोखले रोडचं असो की वाशी सेक्टर १७ चं, घासाघीस होते आणि बदलून मिळतं. ऑनलाईन घ्यायचाच तर मॉडेल नंबर नीट टिपा, ऑनलाईनसाठी वेगळे मॉडेल काढतात, नाव सारखंच पण कांडी नि टाकी वेगळी असू शकते. डबा आला की पोचा आहे का ते डिलिव्हरीवाल्यासमोरच बघा, व्हिडिओ काढा. आत मुलाम्याला तडा गेला असेल तर बाहेरून कळत नाही.

आयएसआय मार्क नसलेला काहीही, कितीही स्वस्त, घेऊ नका. स्टोरेज गिझरवर त्या मार्कसोबत आयएस २०८२ लिहिलेलं दिसतं.

"फ्री इन्स्टॉलेशन" म्हणजे खरंच फ्री?

भिंतीला टांगून देणं फ्री. दोन कनेक्शन पाईप, अँगल कॉक, कधी फास्टनर, हे सगळं वेगळं, सातशे-आठशे तरी धरा. पाईप बाहेरून आधीच आणून ठेवलेत तर फिटिंगवाल्याचं तोंड वाकडं होतं पण चालतं, फक्त चांगले वेणीचे स्टीलचे आणा.

ब्रँडपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते इथे येतं. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी पाहिजे, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेट सैल झालेलं असतं, प्लग काळा पडतो, वितळतो, आणि लोक म्हणतात गिझर फालतू निघाला. आणि अर्थिंग. पाण्यात उभं राहून वापरायची वस्तू आहे ही, कॉइल फुटली की करंट थेट पाण्यात उतरतो. नवीन गिझर लावायच्या दिवशीच इलेक्ट्रिशियनला अर्थिंग मीटर लावून तपासायला सांगा आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. बजेट दहा हजार असेल तर सहाचा गिझर नि चार हजार वायरिंगवर, हे दहाचा गिझर नि जुन्या वायरिंगपेक्षा कधीही चांगलं.

पाण्याचं शटडाऊन असतं त्या दिवशी काय करायचं?

बंद ठेवायचा. नीट बसवलेल्या गिझरमधलं पाणी सहसा आपोआप रिकामं होत नाही, पण नॉन रिटर्न व्हॉल्व्ह सैल असेल तर मागे उतरतं, आणि कोरडी कॉइल दोन मिनिटात जळते. पाणी आल्यावर आधी गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येतेय का बघा, मगच बटण. पहिलं गढूळ पाणी गिझरमध्ये जाऊ न देता गार नळातून काढून टाकलं तर उत्तम.

ते सगळं ठीक, तुम्ही शेवटी कुठला घेतला?

नाव सांगितलं की परत ग्रुपवर तेच सुरू होईल, म्हणून नाही सांगत. घोडबंदरच्या घरी २५ लिटर, ८ बार, ग्लासलाईन, काचेचा थर दिलेली कॉइल, जाड कांडी, साधा गोल थर्मोस्टॅट, डिस्प्ले नाही, साडेदहा हजार. मोबाईलमध्ये दर १५ ऑगस्टला "कांडी" अशी रिमाइंडर, सुट्टी असते आणि थंडीच्या आधी काम होतं. कोपरीला आईबाबांकडे साधा १५ लिटरचा, सहा हजारच्या आत. आईला तो भारीवाला दाखवला होता, तिने किंमत ऐकली नि म्हणाली, एवढ्यात तर गावचा तांब्याचा बंब कल्हई करून आणला असता.

जुन्या गिझरचं काय करायचं?

एक्स्चेंजमध्ये दुकानदार जे देतो ते आधी भंगारवाल्याशी ताडून बघा. खूप जुना, वीसेक वर्षांपूर्वीचा असेल तर आतली टाकी तांब्याची असू शकते, चुंबक लावून बघा, चिकटलं नाही नि खरवडल्यावर लालसर रंग दिसला तर तो गिझर तसाच देऊ नका, तांबं वेगळं काढून समोर वजन करून घ्या. ताईच्या शेजाऱ्यांनी असाच एक दोनशे रुपयात देऊन टाकला, आणि भंगारवाला खाली जाऊन गेटजवळच तो फोडत बसला होता, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.